स्कीचें बाइंडिंग आणि बुटाचा तळ

घोड्याची रिकीब कशी असावी यासंबंधीं जुन्या स्वारांचा एक साधा दंडक असे. ती बुटाला चेपून बसेल इतकी अरुंद नको आणि आख्खें पाऊल तींतून पलीकडे निसटेल इतकी रुंदहि नको. कारण स्वार पडला तर त्याचा पाय रिकिबींतून तत्काळ सुटला पाहिजे. तो अडकून राहिल्यास घोडा त्याला फरफटत नेतो. बर्फावरून स्कीनें उतरणाऱ्या माणसापुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा असतो. त्याच्या पायाखालीं घोडा नसून दीड-पावणेदोन मीटर लांबीची एक निमुळती फळी असते, आणि ही फळी बर्फांत रुतून वळली म्हणजे ती पायाच्या हाडाला लावलेल्या लांबलचक तरफेसारखें काम करते. पाय वेळेवर सुटला नाहीं तर नडगीचें हाड मोडतें किंवा गुडघ्यांतील बंध तुटतात. उलट पाय नको त्या क्षणीं सुटला तर फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. खालीं कडा असल्यास त्याचा परिणाम काय होईल हें सांगावयास नको.

बुटाला फळीशीं जखडणारें जें यंत्र, त्यास बाइंडिंग म्हणतात. घोड्याच्या पायाला बांधावयाच्या दोरीसाठीं मराठींत पायबंद हा चांगला शब्द आहे आणि तो येथेंहि चालला असता. परंतु पायबंदाचें काम केवळ अडविण्याचें, तर या यंत्राला अडविणें आणि सोडणें हीं दोन्ही कामें करावीं लागतात. ज्यांना पाळण्यांतून डोंगरमाथ्यावर नेऊन सोडतात आणि ज्यांना केवळ खालीं उतरावयाचें असतें, त्यांचें एवढ्यावर भागतें. परंतु शामोनीहून झरमाटपर्यंत हिमनद्या ओलांडीत दिवसचे दिवस जाणाऱ्या यात्रिकाला डोंगर स्वतःच्या पायांनीं चढावा लागतो. फळीच्या तळाशीं एका बाजूला लव असलेली पट्टी चिकटवून तो वर चालत जातो. या पट्टीला अद्यापि कातडें असेंच म्हणतात. पूर्वीं ती सीलच्या कातड्याची असे, आतां मोहेर किंवा नायलॉनची असते. चालतांना प्रत्येक पावलागणिक टांच उचलली गेली पाहिजे. म्हणून त्याच्या बाइंडिंगाला तिसरें एक काम येतें: चढतांना टांच मोकळी ठेवावयाची आणि उतरतांना तीच जखडावयाची.

हीं तिन्ही कामें यंत्र नीट करील कीं नाहीं, हें यंत्राइतकेंच बुटाच्या तळावर अवलंबून असतें. ही गोष्ट नवी नव्हे. नॉर्वेंतील फ्रिट्झ हुइटफेल्ट यानें १८९४ मध्यें बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनीं धरणारे लोखंडी कान फळीला बसविले. ते कान ज्याच्या त्याच्या बुटाच्या रुंदीप्रमाणें वांकवून घ्यावे लागत. म्हणजे बाइंडिंग बुटाला जुळविण्याची कला हातोड्यापासून सुरू झाली. पुढें १९२७ मध्यें नॉर्वेच्याच ब्रोर विथनें पिनांचें बाइंडिंग काढलें. त्याचें नांव रोट्टेफेल्ला, म्हणजे उंदरांचा सांपळा. त्यांत बुटाच्या तळाचा पुढें आलेला ओठ पिनांवर दाबून धरीत. त्यामुळें ओठाचें माप ठरविणें भाग झालें, आणि ७५ मिलिमीटर रुंदीचा ओठ ही एक सर्वमान्य रीति होऊन बसली.

१९२९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ग्वीदो र्‍यूझ यानें टांचेमागून तारेचा दोर व स्प्रिंग नेणारें बाइंडिंग तयार केलें. त्याचें नांव कंदाहार असें पडलें. आल्प्सच्या बर्फांत अफगाणिस्तानांतील शहराचें नांव कोठून आलें, असें कोणासहि वाटेल. १८८० मध्यें मैवंद येथें मुंबई इलाख्याच्या फौजेचा पराभव झाल्यावर काबुलाहून कंदाहारवर जो सेनापति चालून गेला, तो रॉबर्ट्स पुढें कंदाहारचा लॉर्ड झाला. त्याच्या नांवाचा चषक १९११ मध्यें स्वित्झर्लंडांत स्कीच्या शर्यतीसाठीं ठेवण्यांत आला, आणि शर्यतीवरून नांव बाइंडिंगाला चिकटलें. ज्या आर्नोल्ड लनच्या खटपटीनें या शर्यती नांवारूपास आल्या, त्याचा जन्महि १८८८ मध्यें मद्रासेंतच झालेला होता.

परंतु या सर्व बाइंडिंगांत एक वैगुण्य होतें. तीं धरीत, सोडीत नसत. नॉर्वेंत जन्मलेला आणि अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत स्थायिक झालेला ह्याल्मार ह्वाम हा उत्तम स्की-पटु होता. १९३७ मध्यें त्याचा पाय मोडला, आणि त्या दुखण्यांतूनच ठराविक जोर आला असतां चवडा सोडून देणाऱ्या बाइंडिंगाची कल्पना जन्मास आली. आजचें प्रत्येक सुटणारें बाइंडिंग त्या कल्पनेचा वंशज होय. मात्र ठराविक जोर आल्यावर सुटावयाचें म्हटलें, कीं तळाचा आकार, जाडी आणि घर्षण यांचा हिशोब मिलिमीटरांत करावा लागतो. चामड्याच्या बुटांच्या काळांत हा हिशोब कोणाच्याच हातीं नव्हता.

आज प्रौढांसाठीं मुख्यतः तीन जातींचे तळ प्रचारांत आहेत, आणि प्रत्येकाला आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचा क्रमांक आहे. केवळ उतारासाठीं असलेल्या बुटाचा तळ ५३५५ क्रमांकाचा. तो कठीण प्लॅस्टिकचा व सपाट असतो. त्याचा पुढचा ओठ १९ मिलिमीटर जाड व सुमारें ६९ मिलिमीटर रुंद असावयाचा, आणि जाडींत एका मिलिमीटरपेक्षां अधिक चूक खपत नाहीं. डोंगरयात्रेच्या बुटाचा तळ ९५२३ क्रमांकाचा. त्यावर खडकावर पाय टेकावा म्हणून खांचेदार रबर असतें आणि चालणें सोपें व्हावें म्हणून तो होडीच्या तळासारखा किंचित् वांकलेला असतो. या दोहोंच्या मधला, चालावयास बरा व उतारालाहि चालणारा असा ग्रिपवॉक नांवाचा तळ अलीकडे आला. त्याचा क्रमांक २३२२३. मुलांच्या बुटांचा तळ आणखी निराळा. त्याचा ओठ प्रौढांच्या बुटापेक्षां अरुंद व पातळ असतो. धाकट्या भावाचा बूट थोरल्याच्या बाइंडिंगांत 'बसतो तर आहे' म्हणून चालवून घेण्याचा मोह अनेक घरांत होतो. बूट बसतो हें खरें. पण त्या बाइंडिंगावर मुलांच्या तळाचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो सुटेल कीं नाहीं याची शाश्वति कोणीच देऊं शकत नाहीं.

रबराच्या तळानें एवढी अडचण कां व्हावी? पाय वळून सुटतांना बुटाचा चवडा आडवा सरकला पाहिजे. प्लॅस्टिक सरकतें; रबर पकडून ठेवतें. रबराचा गुणच तो, आणि त्यासाठींच तें तळाला लावलेलें. म्हणून तळाखालीं एक सरकणारी पट्टी बसवितात, आणि बूट या पट्टीवर किती दाबून बसला आहे यावर पाय सुटण्याचें भवितव्य ठरतें. जाड तळाचा बूट पातळ तळासाठीं लावलेल्या बाइंडिंगांत कोंबला, तर वरचा जबडा आणि खालची पट्टी यांच्यामध्यें तो चापांत सांपडल्यासारखा होतो. मग स्प्रिंगेवरील आंकडा कांहींहि दाखवीत असो, चवडा आडवा सरकत नाहीं.

जुळवणीला आरंभ मात्र जाडीपासून न करितां लांबीपासून करावा. बुटाचा नंबर आणि तळाची लांबी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २७.५ हा नंबर पावलाची लांबी सेंटिमीटरांत सांगतो. बाइंडिंगाला मात्र बुटाच्या बाहेरील कवचाची लांबी हवी असते. एकाच नंबराचे दोन कारखान्यांचे बूट शेजारीं ठेवले, तर त्यांच्या तळांत एक-दोन सेंटिमीटरांचाहि फरक निघतो. उलट २७ आणि २७.५ हे नंबर पुष्कळदां एकाच कवचाचे असतात. आंतील अस्तर तेवढें बदलतें. ही लांबी बुटाच्या बाजूस, बहुधा टांचेजवळ, मिलिमीटरांत उमटविलेली असते. ज्या बाइंडिंगाची टांच पट्टीवर पुढेंमागें सरकते, तिला या सरकण्याची मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेरचा बूट आणला, तर स्क्रू काढून नवीं भोकें पाडावीं लागतात. आणि तीं जुन्या भोकांना खेटून पाडतां येत नाहींत, कारण मधला भाग फाटतो. या स्क्रूंचीं डोकीं घरांतल्या साध्या चौफुलीच्या पेंचकसाचीं नसून पोझिड्राइव्ह जातीच्या तीन नंबरी पेंचकसाचीं असतात. चुकीच्या पेंचकसानें पिळून बोडके केलेले स्क्रू दुरुस्तीच्या दुकानांत नित्य पाहावयास मिळतात.

यात्रेच्या बाइंडिंगांत एक जात चौकटीची. उताराच्या बाइंडिंगासारखाच चवडा व टांच धरणारा भाग, पण तो सगळा एका बिजागरीच्या चौकटीवर बसविलेला. चढतांना चौकटीसकट टांच उचलली जाते. १९९५ मध्यें निघालेल्या स्विस फ्रिची कारखान्याच्या डियामिरनें ही जात घरोघरीं नेली. तिचा गुण असा कीं सपाट व वांकडा, दोन्ही तळ तींत बसूं शकतात. आणि नेमकी म्हणूनच दर वेळीं जुळवणी करावी लागते. बूट आंत घालून, पुढचा ओठ व सरकती पट्टी यांच्यामध्यें कागदाची एक पट्टी ठेवावयाची आणि उंचीचा स्क्रू असा फिरवावयाचा कीं कागद किंचित् अडखळत पण न फाटतां बाहेर यावा. ही फट सुमारें अर्ध्या मिलिमीटरची होते. त्यानंतर टांचेचा भाग पुढें सरकवून पुढचा दाब पाहावयाचा: बूट आंत बसला म्हणजे टांचेमागची स्प्रिंग ठराविक खुणेपर्यंत मागें रेटली गेली पाहिजे. दाब कमी असेल तर फळी वांकतांच टांच निसटते. अधिक असेल तर बूट दोन जबड्यांमध्यें पिचतो. प्रत्येक नमुन्याची खूण निराळी असते, आणि तेथें अंदाज कामास येत नाहीं. कारखान्याची पुस्तिका उघडावी लागते.

चौकटीचा दोष तिचें वजन. दिवसभरांत हजारों वेळां जें पायाबरोबर उचलावयाचें, त्यांत अर्धा किलो अधिक असला तर तो संध्याकाळीं मांड्यांना कळतो. हें ओझें असह्य वाटून ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतांतील फ्रिट्झ बार्थेल या अभियंत्यानें १९८० नंतरच्या दशकांत एक विलक्षण सोपी युक्ति काढली. बाइंडिंग बुटाला धरतें, त्याऐवजीं बुटालाच बाइंडिंगाचा एक भाग करावयाचें. बुटाच्या चवड्याच्या दोन्ही बाजूंस पोलादी खळग्या बसविल्या. फळीवरच्या चिमट्याच्या दोन पिना त्यांत शिरतात आणि बूट त्यांच्यावर बिजागरीसारखा फिरतो. टांचेच्या मागें खांच असलेला पोलादी तुकडा. उतरतांना टांचेच्या यंत्रांतील दोन पिना त्यांत जाऊन बसतात. चौकट गेली, पट्टी गेली, ओझें गेलें. डायनाफिट या कारखान्यानें ही रचना उचलली, आणि पेटंटाची मुदत संपल्यावर इतरांनींहि तिचा अंगीकार केला.

पिनांच्या बाइंडिंगांत तळाच्या जाडीचा प्रश्न बव्हंशीं नाहींसा होतो, कारण तळ कशावरहि दाबून बसत नाहीं. त्याची जागा दुसरा, अधिक नाजूक प्रश्न घेतो. तो म्हणजे टांचेमागील फट. फळी खळग्यांतून जातांना धनुष्यासारखी वांकते. ती वांकली म्हणजे तिच्यावर बसविलेले चवड्याचे व टांचेचे भाग एकमेकांजवळ येतात. बूट मात्र आंखडत नाहीं. म्हणून बूट आणि टांचेचें यंत्र यांच्यामध्यें मोकळी जागा ठेवावी लागते. फळी वांकल्यावर टांचेच्या पिना तेवढ्या खोल शिरतात आणि ती सरळ झाल्यावर पुन्हां बाहेर येतात. ही जागा नसेल तर बूट यंत्रावर आदळतो, यंत्र फिरत नाहीं आणि पाय अडकतो. कधीं यंत्रच मोडतें. फट फार असेल तर पिनांना पुरेशी पकड उरत नाहीं आणि टांच भलत्या वेळीं वर येते. डायनाफिटच्या रॅडिकल या नमुन्यांत ही फट साडेपांच मिलिमीटर ठेवावयाची. इतर कांहीं नमुन्यांत ती चार असते, आणि कांहींत टांचेचें यंत्रच स्प्रिंगेवर मागेंपुढें सरकत असल्यानें फटीचें कारणच उरत नाहीं. एका नमुन्याचें माप दुसऱ्याला लावण्यासारखी घोडचूक नाहीं.

फट मोजण्यासाठीं बाइंडिंगाबरोबर प्लॅस्टिकचा एक लहानसा तुकडा देतात. चवडा पिनांत बसवावा, टांच खालीं आणून तिच्या पिना खांचेंत आल्या आहेत हें पाहावें, आणि बुटाचा पोलादी तुकडा व यंत्राचा दर्शनी भाग यांच्यामध्यें हा तुकडा घालावा. तो जेमतेम शिरला पाहिजे. रेटावा लागूं नये आणि लळतहि राहूं नये. मागच्या स्क्रूनें यंत्र पुढेंमागें करून हें साधतें. दोन्ही पायांचें माप वेगवेगळें घ्यावें. येथें लांबीच्या आंकड्यावर विसंबून राहणें धोक्याचें आहे, कारण कांहीं हलक्या बुटांत पुढच्या खळग्या नेहमींपेक्षां मागें बसविलेल्या असतात. तळावर २९७ हाच आंकडा असलेले दोन बूट घेतले, तरी खळगीपासून टांचेपर्यंतचें अंतर सारखें असेलच असें नाहीं. अशा कांहीं बुटांना पुढचा ओठहि नसतो. ते चौकटीच्या बाइंडिंगांत मुळींच चालत नाहींत. उलट, उताराच्या साध्या बुटाला पोलादी खळग्या नसल्यानें तो पिनांच्या कामाचा नाहीं.

या दोन मतांचा समन्वय करणारीं बाइंडिंगेंहि निघालीं आहेत. सालोमोनचें २०१८ मध्यें आलेलें शिफ्ट चढतांना पिनांचें असतें आणि उतरतांना जबड्याचें होतें. त्यांत बऱ्याच जातींचे तळ बसतात; परंतु सरकत्या पट्टीची उंची आणि पुढचा दाब या दोन्ही जुन्या कटकटी त्याबरोबर परत येतात. सोयीची अशी किंमत द्यावी लागते, आणि वारंवार बूट बदलणाऱ्यास ती महागहि म्हणतां येणार नाहीं.

लांबी, उंची, फट हें सर्व जुळल्यावर मगच सुटण्याचा आंकडा लावावयाचा. हा आंकडा माणसाचें वजन, उंची, वय, त्याची उतरण्याची पद्धति आणि तळाची लांबी यांवरून तक्त्यांत पाहून ठरतो. पन्नाशी उलटलेल्यास तो कमी धरतात. तळाची लांबी यांत कां यावी, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. उसाच्या चरकाचें आडवें लाकूड जितकें लांब, तितका बैलाला जोर कमी लावावा लागतो. नडगीचें हाड पिळून मोडावयास जो पीळ पुरतो तो हाडावर अवलंबून असतो, बुटावर नव्हे. परंतु लांब बुटाच्या चवड्यावर तोच पीळ थोड्या जोरानें उत्पन्न होतो. म्हणून लांब तळाला लहान आंकडा. तक्त्यांत २९१ ते ३१० मिलिमीटरांचें एक घर आणि ३११ ते ३३० चें दुसरें घर आहे. समजा, एखाद्याचा यात्रेचा बूट २९७ चा आणि उताराचा ३१५ चा आहे. माणूस तोच असला तरी दोन बुटांचीं घरें निराळीं, आणि बहुधा आंकडेहि निराळे. आंकडा लावल्यावर बाइंडिंग खरोखर तेवढ्या पिळालाच सुटतें कीं नाहीं, हें दुकानांतील यंत्रावर तपासून घ्यावें. जुनी स्प्रिंग, सुकलेलें वंगण आणि खडकांवर चालून झिजलेला तळ हे आंकड्याचें ऐकत नाहींत. शिवाय पिनांच्या जुन्या धर्तीच्या बाइंडिंगांत बाजूला सुटण्याचें काम चवड्याऐवजीं टांच करते, आणि तेथें आडव्या व उभ्या सुटण्याचे दोन स्क्रू वेगळे असतात. एकच पिळून काम झालें असें समजणारे थोडे नाहींत.

काश्मिरांत गुलमर्गला किंवा उत्तराखंडांत औलीला शिकावयास जाणारीं मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळी बूट आणि फळ्या बहुधा भाड्यानें घेतात. सकाळच्या घाईंत काउंटरवरचा मनुष्य पावलाचा नंबर विचारतो, बूट देतो आणि हातास येईल ती जोडी पुढें सरकवितो. त्या वेळीं बुटावरील लांबी त्याला वाचून दाखवावी, आपलें वजन व वय खरें सांगावें, आणि टांच त्या बुटासाठीं सरकविलेली आपल्या डोळ्यांनीं पाहावी. वजन कमी आणि कौशल्य अधिक सांगण्याची जी मानवी खोड आहे, तिचा दंड येथें गुडघा भरतो.

पिनांच्या बाइंडिंगांतील एक गोष्ट मात्र दुकानांत जुळवितां येत नाहीं. चवड्याच्या चिमट्यापुढें एक लहान दांडी असते. चढतांना ती वर ओढून चिमटा कुलूपबंद करतात, नाहींतर तिरप्या चढावर पाऊल टाकतांना बूट निसटतो. कुलूप लागलें म्हणजे चवडा सुटत नाहीं. आंकडा कितीहि लहान असो. म्हणून माथ्यावर पोंचल्यावर, कातडीं काढून, टांचेचें यंत्र फिरवून झाल्यावर ही दांडी खालीं केली पाहिजे. एखाद्या अरुंद घळींत फळी सुटणें हेंच मरण असेल, तेथें कांहीं कसलेले लोक जाणूनबुजून कुलूप लावून उतरतात. त्यांचा हिशोब त्यांना माहीत. परंतु हिमलोट आला असतां कुलूपबंद फळ्या नांगरासारख्या माणसाला बर्फाखालीं ओढतात.

पोलादी खळग्यांत बर्फ गोठून बसलेलें असतें तें निराळेंच. बाहेरून चिमटा मिटलेला दिसतो, पण पिना खळगीच्या तळापर्यंत गेलेल्या नसतात. यावर उपाय असा: बूट घालण्यापूर्वीं काठीच्या टोंकानें खळग्या आणि चिमट्याखालची जागा कोरावी, चवडा बसल्यावर टांच मोकळी असतांनाच पाय चार-सहा वेळां वरखालीं हालवावा म्हणजे पिना उरलेलें बर्फ दळून काढतात, आणि मग कुलूप न लावतां बूट बाजूला झटकून पाहावा. तो जागचा हालला नाहीं, तरच टांच खालीं दाबावी.